टिकतं ते नांदतंच असं नाही

शेजारच्या आजी लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या, तेव्हा जाताजाता एक काचेची पेटी आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून गेल्या. आत लाकडाचा कोरडा भुसा, वर काचेचं झाकण, झाकणावर दिवा. एका कोपऱ्यात आइसबर्ग लेट्यूसचं सुकून कागद झालेलं पान आणि दुसऱ्या कोपऱ्यात काचेला नाक टेकवून बसलेलं एक कासव. ‘‘याचा काही त्रास नाही,’’ आजी म्हणाल्या. ‘‘एकवीस वर्षं झाली, एकदाही आजारी पडला नाही.’’

नॉर्थ कॅरोलायनात, राली शहराला लागून असलेल्या केरी गावात आम्ही राहतो. त्या वर्षी माझे सासरे, नाना, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांनी चष्मा वर करून पेटीत पाहिलं. पाच मिनिटं झाली तरी कासव हललं नाही. ‘‘स्थितप्रज्ञ आहे हो हा!’’ असं म्हणून त्यांनी त्याचं नाव दगडू ठेवलं. डोळे लालभडक होते आणि पोटाकडचं कवच किंचित खोलगट होतं, म्हणजे नर, एवढं मी वाचून शोधलं होतं. पाठीवर तपकिरी रंगावर पिवळ्या रेघोट्या; आजोबांच्या जुन्या मोडी दस्तऐवजावर कुणी हळद सांडावी तशा. या जातीच्या दोन कासवांची नक्षी कधी एकसारखी नसते म्हणतात.

दोन महिन्यांनी दगडूच्या उजव्या डोळ्यामागे फुगवटा दिसला. वाटाण्याएवढा असेल. खातपीत होता, म्हणजे तो आधीही खायचा तितपत. सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी धरली आणि म्हणाल्या, ‘‘कान आहे. आत पू झालाय, आणि हा आजचा नाही.’’ कासवाचा पू वाहत नाही. माणसाचा, कुत्र्याचा पू पातळ असतो, ठसठसतो, फुटतो, निचरा होतो. कासवाचा घट्ट होऊन गाठीसारखा बसतो, औषधाने विरघळत नाही. भूल देऊन, चीर पाडून बाहेर काढावा लागतो. तो त्यांनी नंतर चिमट्यात धरून मला दाखवला. हरभऱ्याएवढा पिवळट खडा, पनीरच्या तुकड्यासारखा, आणि कडेला कांद्यासारखे पापुद्रे. एकेक पापुद्रा म्हणजे किती दिवस, हे मी विचारलं नाही. बिल पाहून नाना म्हणाले, ‘‘एवढ्यात म्हैस आली असती.’’

आजी खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी प्रेमानेच सांभाळला होता. रोज पान, रोज पाणी, नाताळला स्ट्रॉबेरी. आणि दगडू एकवीस वर्षं टिकला होता. पण टिकणं वेगळं आणि नांदणं वेगळं, हे मराठी घरात कुणाला समजावून सांगावं लागू नये. सासरी टिकलेली बाई आणि सासरी नांदलेली बाई यांच्यातला फरक आपल्या आयाआज्यांना एका नजरेत कळायचा, दोघी सारख्याच गप्प असल्या तरी. पाळीव कासवाबद्दल माझं म्हणणं तेवढंच आहे, फक्त ते नीट मांडायला थोडी जागा लागेल. कासवाच्या टिकण्याला आपण त्याचं बरं असणं समजतो. ही चूक प्रेमाच्या अभावातून होत नाही. कासवाविषयीची आपली कल्पनाच इतकी सुंदर आहे, की खरं कासव तिच्यामागे दिसेनासं होतं.

ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. देवळात गाभाऱ्यासमोर जमिनीत कासव कोरलेलं असतं. आपण त्याला नमस्कार करून पुढे जातो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियं आवरून घेणाऱ्याला कासवाची उपमा दिली आहे. नानांच्या तोंडी ‘स्थितप्रज्ञ’ हा शब्द त्या क्षणी आला तो तिथूनच. संतवाङ्मयात कासवी नुसत्या दृष्टीने पिलांना पोसते. उपमा म्हणून हे सगळं अप्रतिम आहे. पण उपमेचा उपयोग माणसाला, कासवाला नव्हे. कासव अंग आवरून घेतं ते भ्यायल्यामुळे. दगडू ज्या जातीचा, त्या बॉक्स टर्टलच्या पोटाकडच्या कवचाला आडवी बिजागरी असते. पुढचा आणि मागचा भाग वर ओढून ते डबी मिटावी तसं पूर्ण मिटतं, सुरीचं पातं आत जाणार नाही इतकं. नावातला ‘बॉक्स’ तोच. आणि कासवी? ती जमिनीत खळगा करून बहुधा तीन ते सहा अंडी घालते, मागच्या पायांनी माती सारखी करते आणि निघून जाते. पिलांकडे ती कधीच पाहत नाही. पिलं नर होणार की मादी, हेदेखील त्या मातीच्या उबेवर ठरतं: थंड मातीत नर, उबदार मातीत मादी.

त्यात मराठीची आणखी एक गंमत. समुद्रातलं, विहिरीतलं, माळावरचं, सगळं आपल्याला कासवच. इंग्रजीत पाण्यातल्याला एक शब्द आणि जमिनीवरच्याला दुसरा, म्हणून तिथले लोक निर्धास्त असतात. पण बॉक्स टर्टलने त्यांनाही चकवलं आहे. कुळाने ते तळ्यातल्या कासवांचं. कानाजवळ लाल पट्टा असलेली जी हिरवी पिल्लं मुंबई-पुण्यात काचेच्या वाडग्यात ‘लकी’ म्हणून विकली जातात, त्यांच्या नात्यातलं. राहतं मात्र रानात, ओल्या पालापाचोळ्यात. म्हणून पाळणारे दोन टोकांच्या चुका करतात. कुणी त्याला माळावरचं समजून कोरड्या भुशात ठेवतं; कुणी जलचर समजून खोल पाण्यात सोडतं, आणि तिथे ते बुडू शकतं. त्याला हवी ती ओल. पाऊस पडून गेल्यावर झाडाखालच्या पानांत उरते तशी. साठ ते ऐंशी टक्के आर्द्रता, असं पुस्तकं सांगतात.

पुस्तकांवरून आठवलं. दगडूची शस्त्रक्रिया झाल्यावर मी सुशिक्षित माणूस करतो तेच केलं: वाचलं आणि सामान मागवलं. तापमापक, आर्द्रतामापक, नवा दिवा. पेटीत एकोणतीस अंश सेल्सियस अगदी घट्ट धरून ठेवलं. आकडा बरोबर होता. दगडू दिवसभर काचेला नाक लावून पंजे खरवडत राहिला. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना मी अभिमानाने माझी वही दाखवली. त्या म्हणाल्या, ‘‘आकडा बरोबर आहे, पण एकच आहे. त्याला जायला दुसरी जागा कुठे आहे?’’

त्या वाक्यापाशी मी बराच काळ अडलो. आपण गरम रक्ताचे प्राणी. बाहेर काहीही असो, आतली भट्टी सदतीस अंशांवर चालू राहते. म्हणून ‘आराम’ ही आपल्याला वरची गोष्ट वाटते: आधी तब्येत, मग आराम. कासवाची भट्टी त्याच्या शरीरात नाहीच. ती सूर्यात आहे, तापलेल्या दगडात आहे. अन्न पचवायचं तर ते उन्हात जातं, अंग तापलं की ओल्या पानांखाली शिरतं, आजारी पडलं तर अधिक ऊब शोधतं. त्याच्या हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व कातडीवर पडणाऱ्या अतिनील किरणांतून तयार होतं. साध्या काचेतून ते किरण येत नाहीत, म्हणून खिडकीतलं ऊन त्याला उजेड देतं, हाडं देत नाही. आजींचा दिवा काचेच्या झाकणावर होता. एकवीस वर्षं तो बिचारा झाकणालाच ऊन देत होता. शिवाय हे दिवे फसवे असतात. डोळ्यांना उजेड दिसत राहतो, पण सहा महिने-वर्षभरात त्यातले कामाचे किरण ओसरतात, म्हणून चालू दिवासुद्धा बदलावा लागतो.

थोडक्यात, कासवाचं निम्मं शरीर शरीराबाहेर असतं. त्याला पेटीत घालणं म्हणजे उरलेलं निम्मं आपण कापून ठेवणं, आणि मग त्याच्या बदल्यात एक दिवा आणि एक ताटली देणं. अशा प्राण्याच्या बाबतीत ‘निवड’ ही चैन राहत नाही. इथे की तिथे, उन्हात की सावलीत, ओल्यात की कोरड्यात, हे ठरवत राहणं हाच त्याच्या यकृताचा, मूत्रपिंडाचा, हाडांचा कारभार. सगळीकडे सारखीच ऊब असलेली पेटी, मग ती ऊब कितीही योग्य असो, म्हणजे माणसाला एकाच कुशीवर निजवून ठेवण्यासारखं आहे. अंथरूण मऊ असेल, पण अंगाला जखमा होणारच.

मग आम्ही पेटी काढून टाकली आणि घरामागे वाडगं बांधलं. दगडू इथलाच रहिवासी. त्याचे नातलग मागच्या ओकच्या रानात हिंडतात. इथलं ऊन, इथला पाऊस त्याच्या अंगवळणी पडलेला, मग दिव्यांचा खटाटोप कशाला? आठ फूट रुंद, चौदा फूट लांब. जाड फळ्या वीस इंच जमिनीवर आणि दहा इंच जमिनीत, कारण हे प्राणी उकरतात. वरच्या काठाला आतल्या बाजूने आडवी पट्टी, कारण ते चढतातही. यावर कुणाचा विश्वास बसत नाही, पण कोपऱ्याला पाठ टेकवून दगडू दीड फूट चढलेला मी पाहिला आहे. वरून जाळी, कारण रॅकूनला माणसासारखे हात असतात. लाल चिकणमातीत वाळू आणि कुजकं पानखत मिसळलं. पूर्वेकडे सकाळचं ऊन पडेल अशी मोकळी जागा, मध्ये सडका ओंडका, पश्चिमेला गुडघाभर पाला. पाण्यासाठी कुंडीखालची ताटली, दोन इंचांहून उथळ. ते पाण्यात बसतं, पितं आणि तिथेच घाण करतं, म्हणून पाणी रोज बदलायचं. नानांनी खुर्ची टाकून देखरेख केली. महिन्याभरात आमच्या वसाहतीच्या गृहसंस्थेकडून पत्र आलं, की आवारात कुजका पाला साठवल्याचं आढळलं आहे, तरी तो उचलावा. त्यांच्या दृष्टीने नीटनेटकं आवार म्हणजे कापलेली हिरवळ. कासवाच्या दृष्टीने कापलेली हिरवळ म्हणजे वाळवंट, आणि त्यात गवत कापायचं यंत्र फिरणार. मी पाल्यापुढे कुंपणाची फळी उंच केली. पाला दिसेनासा झाला, प्रश्न मिटला.

वाडग्यात सोडलं त्या दिवशी दगडू दोन तास मिटून बसला. तिसऱ्या दिवशी पाऊस पडला. मी चहाचा कप घेऊन उभा होतो. पाल्याचा एक ढीग हलला आणि त्यातून लाल डोळ्याचं डोकं बाहेर आलं. समोर ओल्या मातीवर गांडूळ. त्याने मान लांब केली, इतकी लांब की हा प्राणी एवढा मोठा आहे हे मला तेव्हाच कळलं. मान एका बाजूला कलती करून एका डोळ्याने पाहिलं. मग दुसरीकडे कलती करून दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. सोनार नगाची पारख करतो तसं. आणि झडप. गांडुळाचं एक टोक मातीत, एक चोचीत. पुढचे पाय रोवून तो मागे ओढत होता आणि पंजाने तोंडाला लागलेली माती पुसत होता. नानांना हाक मारली. ते आले, पाहिलं, आणि म्हणाले, ‘‘हा कसला स्थितप्रज्ञ! हा तर पंगतीतला भट.’’

आहाराबद्दल लोक यादी मागतात. यादीने काम भागत नाही असा माझा अनुभव, पण थोडं सांगतो. ते मांसही खातं आणि पालाही: गांडूळ, गोगलगायी, किडे, अळंबी, पडलेली तुती, अंजीर. माणसाला विषारी असलेली काही अळंबीदेखील ते पचवतं. इथल्या रानात मेॲपल नावाचं एक रोपटं आहे. त्याचं बी बॉक्स टर्टलच्या पोटातून गेलं की अधिक चांगलं रुजतं. म्हणजे खाणं हा त्याचा रानाशी चाललेला व्यवहार आहे. आइसबर्ग लेट्यूस हा व्यवहार नव्हे. ते हिरवं दिसणारं पाणी. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळे, नाक, कान यांच्या आतलं ओलसर अस्तर जाड आणि कोरडं होतं, जंतूंना बसायला जागा मिळते, आणि मग डोळे सुजतात, कानात गाठ होते. दगडूचं तेच झालं होतं. त्याला आता लाल भोपळा, रताळं किसून मिळतं. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन कुणी घरच्या घरी देऊ नये. जास्त झालं तर कातडी सोलवटून निघते. चुन्यासाठी वाडग्यात समुद्रफेनाचा तुकडा टाकलेला असतो. आजीच्या बटव्यात असायचं तेच समुद्रफेन, कटलफिशच्या पाठीतलं. ते इथे पोपटांच्या दुकानात मिळतं. वाढलेल्या कासवाला दिवसाआड खायला पुरतं. रोज लाडाने भरवलेलं कासव इतकं लठ्ठ होतं की त्याला स्वतःची डबी मिटता येत नाही, मांड्या बाहेर राहतात. घाबरल्यावर दार लावता न येणं ही त्याच्यासाठी काय अवस्था असेल!

माझे एक मित्र, तर्काने चालणारे, म्हणतात: हे सगळं तुझ्या मनाच्या समाधानासाठी आहे. पेटीतही तो जगतच होता, वाडगंही शेवटी पेटीच, फक्त मोठी. मग खरंच कळवळा असेल तर रानात सोडून दे. या आक्षेपाचं पहिलं अर्धं मला मान्य आहे. वाडगं ही पेटीच आहे. दुसरं अर्धं मात्र ऐकायला उदार आणि प्रत्यक्षात घातक आहे, आणि ते का, हे समजण्यासाठी मेरीलंडमधल्या एका बाईंकडे जावं लागतं.

ल्युसिल स्टिकेल या 1940 च्या दशकात पटक्सेंट येथील वन्यजीव संशोधन केंद्रात बॉक्स टर्टलच्या कवचाला खुणा करून त्यांच्या मागे हिंडत होत्या. पुढे 1972 मध्ये त्या त्याच केंद्राच्या संचालक झाल्या. कासवांच्या मागे हिंडणं म्हणजे काय, तर त्यांच्या पाठीला दोऱ्याचं रीळ बांधायचं आणि झाडाझुडपांतून उलगडत गेलेला दोरा दुसऱ्या दिवशी शोधत जायचं. 1950 मध्ये त्यांनी जे छापलं त्यातली गोष्ट साधी आहे: मोठ्या कासवाचा मुलूख सरासरी शंभर-सव्वाशे मीटरच्या आतला असतो आणि वर्षानुवर्षं ते त्यातच राहतं. तिथे 1945 पासून साधारण दर दहा वर्षांनी मोजणी होत गेली; संख्या घटत गेली, पण जुन्या खुणांची कासवं दशकांनंतर त्याच पट्ट्यात सापडली. पूर्वी इथले शेतकरी कासवाच्या पोटावर नावाची अक्षरं आणि साल कोरायचे (तो क्रूरपणाच, कारण कवच हे जिवंत हाड आहे, त्याला स्पर्श कळतो), आणि बापाने कोरलेलं कासव मुलाला त्याच शेतात सापडल्याच्या गोष्टी इकडे बऱ्याच ऐकू येतात.

म्हणजे बॉक्स टर्टलला ‘रान’ नको असतं. त्याला त्याचं रान हवं असतं: तो ओढा, ती तुती, थंडीत पुरून घ्यायचा तो उतार. उचलून दुसऱ्या रानात सोडलं की बरीच कासवं आपली वाट शोधत चालत सुटतात, रस्ते ओलांडतात, गाडीखाली येतात. म्हणूनच मे-जूनमध्ये पावसानंतर रस्त्यात कासव दिसलं तर त्याचं तोंड ज्या दिशेला असेल, त्याच बाजूला त्याला पलीकडे ठेवायचं. घरी आणायचं नाही, ‘चांगल्या’ जागी तर मुळीच न्यायचं नाही. दगडूचा मुलूख कुठला होता हे आजींनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या मुलाने शाळेत असताना कुठूनसा आणला होता. तिथे आता बहुधा दुकानं असतील. शिवाय वर्षानुवर्षं घरात राहिलेल्या कासवाच्या अंगात कुठला रोग असेल ते सांगता येत नाही; रानाव्हायरस नावाच्या विषाणूने रानातली कासवं पटापट मरतात. ज्याला मी मुक्ती म्हणेन, ती मागच्या रानातल्या त्याच्या नातलगांना महामारी ठरू शकते.

मग पाळावं की न पाळावं? माझं मत सरळ आहे आणि ते पाळणाऱ्यांना आवडत नाही. रानातून आणू नये. एकसुद्धा. कुत्र्यामांजरांच्या हिशेबाने हे कळणार नाही. बॉक्स टर्टल वयात यायला सात-दहा वर्षं लागतात, वर्षाला मूठभर अंडी, त्यातली बहुतेक रॅकून-कोल्ह्यांच्या पोटात. म्हणजे मोठं एक कासव उचललं की त्या शंभर मीटरच्या पट्ट्यातली पुढची पन्नास वर्षं उचलली. 1990 च्या दशकात इथून युरोपात हजारोंनी कासवं जात होती. 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या यादीत ही प्रजाती आली, पण चोरटा धंदा थांबला नाही. मोज्यांत गुंडाळून, चिकटपट्टीने बांधून टपालाने पाठवलेली कासवं अजून पकडली जातात. त्यांनाही कुणीतरी ‘शांत प्राणी, काही त्रास नाही’ म्हणूनच विकत घेतं. आपल्याकडे दुसरं काय चालतं? तारा कासव घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तरी पैसा येतो म्हणून लोक ठेवतात. कोथरूडला माझ्या भाचीच्या टीव्हीशेजारी काचेच्या वाडग्यात हिरवं पिल्लू होतं. ते बशीएवढं झालं तेव्हा भाऊजींनी मुठेत सोडलं आणि पुण्य केल्याच्या आनंदात जेवले. नदीतल्या मूळच्या कासवांनी त्या पाहुण्याशी कसं निभवायचं, हा प्रश्न जेवणात आला नाही.

जी आधीच माणसाच्या घरात आहेत, ती मात्र आपल्या गळ्यातलं लोढणं नव्हेत, आपलं देणं आहेत. हे देणं फिटत नाही. व्याज तेवढं देत राहायचं. व्याज म्हणजे पाहणं. मघाशी कासवीच्या दृष्टीची उपमा मी कासवाला निरुपयोगी म्हटली. पाळणाऱ्याला ती लागू पडते, हे कबूल केलं पाहिजे. कुत्रं कण्हतं. मांजर जेवण सोडतं. कासवाला तर खोकताही येत नाही: फासळ्या कवचात मुरलेल्या, आपल्यासारखा पडदा नाही, त्यामुळे फुप्फुसात साचलेलं बाहेर फेकायची सोय नाही. नाकाशी एखादा बुडबुडा, उघड्या तोंडाने घेतलेला श्वास, एक डोळा मिटलेला, एवढंच ते सांगतं, आणि तेही बऱ्याच उशिरा. म्हणून आम्ही दर पहिल्या रविवारी दगडूला पीठ मोजायच्या काट्यावर ठेवतो आणि ग्रॅम वहीत लिहितो. नंतर हात साबणाने धुतो. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, आणि त्याच कारणाने अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कासव पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. याव्यतिरिक्त त्याला उचलत नाही. कुरवाळत नाही. जमिनीवरून वर उचललं जाणं याचा त्याच्या लाखो वर्षांच्या अनुभवात एकच अर्थ आहे.

थंडीचा प्रश्न सगळ्यात अवघड. ऑक्टोबरअखेर रानातली कासवं पाल्याखाली, मातीत थोडी खाली जातात आणि एप्रिलपर्यंत तिथेच असतात. घरातल्याला तशी झोप द्यावी का? नाना म्हणाले, ‘‘अहो, गारठून मरेल तो, घरात घ्या, आपण घोंगडी घालू.’’ आजी तेच करायच्या. पेटी खिडकीपाशी, पंधरा अंशांत. हीच सगळ्यात वाईट जागा. पंधरा अंशांत पोट चालत नाही, म्हणून खाल्लेलं सडतं. आणि झोपही लागत नाही, म्हणून अंगातली शिदोरी जळत राहते. घोंगडीचा उपयोग नाही. ज्याच्या अंगात भट्टीच नाही त्याला पांघरूण कसली ऊब देणार? एक तर पूर्ण उन्हाळा द्यावा, नाहीतर पूर्ण हिवाळा, चार ते दहा अंशांचा. पहिल्या वर्षी कानाची जखम ताजी होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी झोपू दिलं नाही. आजारी कासवाला झोपवायचं नसतं. दुसऱ्या वर्षी वजन भरलं होतं. शेवटचे आठवडे खाणं बंद ठेवून पोट रिकामं होऊ दिलं. नोव्हेंबरच्या एका दुपारी तो ओंडक्यामागे उकरायला लागला. आधी पुढचे पाय, मग बाजू, मग कवचाची मागची कड, आणि मग फक्त माती किंचित वर-खाली. मी वर दोन फूट पाला रचला, जाळी लावली आणि साडेचार महिने काहीही केलं नाही. पाळणाऱ्याला यापेक्षा कठीण काही नाही. बर्फ पडला त्या रात्री मी दोनदा बाहेर जाऊन पाल्यावर हात ठेवून आलो. काय कळणार होतं!

नाना तेव्हा परत गेले होते. सांगलीहून दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न नातीचा, दुसरा दगडूचा. ‘‘उठला का हो?’’ एप्रिलच्या सातव्या तारखेला सकाळी पाल्याच्या ढिगावर मातीने माखलेलं कवच दिसलं. डोळ्यांवर मातीचे पापुद्रे. तो ताटलीत उतरला, हनुवटी पाण्यात बुडवली आणि इतका वेळ पीत राहिला की मला घड्याळ पाहावं लागलं. अकरा मिनिटं.

या जातीची कासवं पन्नास वर्षं सहज जगतात, काही त्याहून पुष्कळ अधिक. मी अठ्ठावन्नचा. मृत्युपत्र करायला गेलो तेव्हा वकिलांनी घर, गाडी, खाती लिहून घेतली आणि विचारलं, आणखी काही? मी कासव म्हटलं. ते हसले नाहीत; त्यांच्याकडे याआधी दोन पोपट आणि एक कासव येऊन गेलं होतं. लेक म्हणाली, ‘‘बाबा, मी घेईन ना त्याला.’’ ती न्यूयॉर्कला सतराव्या मजल्यावर राहते. मी तिला काही बोललो नाही, आणि मृत्युपत्रात ती जागा सध्या कोरी ठेवली आहे.

समोरच्या तेलुगू कुटुंबातला मुलगा अकरा वर्षांचा आहे. शाळेतून आल्यावर दप्तर न उतरवता तो वाडग्याशी येतो आणि जाळीला हात न लावता, मागे हात बांधून उभा राहतो. हे त्याला कुणी शिकवलं ते मला माहीत नाही. त्याच्या घरामागे ओकची चार झाडं आहेत आणि त्याच्या वडिलांना पाला गोळा करायला वेळ मिळत नाही. गेल्या रविवारी काटा त्याने धरला. दगडू मिटला नाही. मान अर्धी बाहेर ठेवून आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने मुलाकडे पाहत राहिला. मुलाने आकडा दोनदा वाचला आणि वहीत माझ्या अक्षराखाली लिहिला: 441.